दयेचें माप

दातृत्वाची थोरवी सांगण्यासाठीं आपल्या भाषेंत जे शब्द रूढ आहेत, ते बहुतेक सर्व मापाचा तिरस्कार करणारे आहेत. सढळ हात, मोकळी मूठ, ओसंडणारें ताट हे आपले स्तुतीचे शब्द. आणि हातचें राखून देणें, मोजून-मापून वाढणें, चिमटीनें घालणें हे निंदेचे. पुराणांतील दाते पाहावे, तर त्यांचाहि बाणा हाच. कर्णानें अंगावरचीं कवचकुंडलें उतरून दिलीं, तेव्हां पाठीमागें आपल्यापाशीं काय उरेल याचा हिशेब त्यानें मांडला नाहीं. आणि बळीच्या दारीं मापाची भाषा बोलला तो याचक, दाता नव्हे. नवी सून घरांत येते, तीहि उंबरठ्यावरचें तांदुळाचें माप पायानें लवंडूनच येते. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसास, भुकेल्याला एकदम पोटभर खाऊं घालणें हा त्याचा प्राण घेण्याचा एक मार्ग होऊं शकतो, असें कोणीं सांगितलें, तर तें त्यास कृपणाचें तत्त्वज्ञान वाटावें यांत नवल नाहीं. आम्हांस ही गोष्ट २०२० सालच्या पावसाळ्यांत एका ठेंगण्या घोडीनें शिकविली. ज्याचें सारें आयुष्य दुसऱ्यांस शिकविण्यांत गेलें, त्यास पन्नाशी उलटल्यावर नवा पाठ मिळण्याचा योग क्वचितच येतो. म्हणून तो येथें नमूद करून ठेवीत आहों.

त्या वर्षीं २५ मार्चला सारा देश टाळेबंदींत गेला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. शहरांतील पुष्कळांस ती टाळेबंदी कंटाळ्याच्या रूपानें भेटली. सह्याद्रीच्या माथ्यावर थंड हवेच्या ठिकाणीं जे घोडेवाले आहेत, त्यांस ती उपासमारीच्या रूपानें भेटली. या लोकांचें वर्ष उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांवर उभें असतें. मुलांच्या परीक्षा संपल्या, कीं प्रवाशांची रीघ लागते. त्या गर्दींत जें मिळेल तें पावसाळाभर पुरवावयाचें. मृगाचा पाऊस पडला, कीं डोंगर धुक्यांत बुडतो आणि धंदा बसतो. त्या वर्षीं उन्हाळा आला तसाच गेला. एकाहि घोड्यावर खोगीर चढलें नाहीं. जेथें माणसांच्या शिध्याची पंचाईत, तेथें घोड्यांच्या चंदीची कथा काय? कित्येक ठिकाणीं भूतदयेचें काम करणाऱ्या मंडळ्यांनीं चारा पोंचविला. परंतु डोंगरांतील प्रत्येक दावणीपर्यंत तो पोंचणें शक्य नव्हतें.

आम्ही राहतों तें गांव अशाच एका घाटाच्या पायथ्याशीं आहे. घरामागें जुना गोठा आहे. गाई गेल्यापासून त्यांत सायकली आणि जुनीं मासिकें नांदत असत. आषाढांतील एका सकाळीं गांवचे पशुवैद्य, जे आमचे स्नेही आहेत, एक घोडी हळूहळू चालवीत आमच्या दारीं आले. वरच्या एका घोडेवाल्यानें ती आपण होऊन त्यांच्या स्वाधीन केली होती. त्याच्यानें तिला पोसवत नव्हतें. 'महिना-दोन महिने आसरा द्या,' एवढेंच त्यांनीं मागितलें. अश्वविद्येंतील आमचा अधिकार म्हणाल, तर विराटाच्या पागेंत ग्रंथिक या नांवानें राहिलेला नकुल, आणि १८७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ब्लॅक ब्यूटी' या कादंबरींतील काळा घोडा, या दोघांच्या ओळखीपलीकडे तो नव्हता. परंतु महाविद्यालय बंद होतें, वर्ग संगणकाच्या पडद्यावर घ्यावयाचे होते, आणि हातीं वेळ पुष्कळ होता. शिवाय आमच्या मातुःश्रींनीं, 'दमली असेल ग बाई, आधीं आंत घ्या तिला,' असें म्हणून प्रश्नाचा निकाल लावून टाकला होता. शेजारच्या मुलांनीं तिची उंची पाहून तिचें नांव ठमी ठेविलें, तें तिला अखेरपर्यंत चिकटलें.

ठमीची उंची खांद्यापाशीं जेमतेम साडेतीन फूट. अमेरिकेंत हौसेनें पाळतात ते लघु-अश्व याहूनहि बुटके, चौतीस इंचांच्या आंतबाहेरचे असतात; ठमी त्यांच्या जातीची नव्हे. ती आपली डोंगरी तट्टांच्या कुळांतली. भीमथडीच्या तट्टांनीं यमुनेचें पाणी प्याल्याची कीर्ति आपण ऐकतों. ठमीच्या पूर्वजांनीं कदाचित् तें प्यालेंहि असेल. तिला स्वतःला मात्र त्या दिवशीं बादलींतलें पाणी पिण्यापुरतें उभें राहणेंहि जड जात होतें. आणि तरी मौज अशी, कीं कुंपणापलीकडून पाहणाऱ्या शेजाऱ्यांस ती गुबगुबीत वाटली. 'चांगली पोसलेली दिसते कीं!' असें दोघां-तिघांनीं बोलूनहि दाखविलें. पावसाळ्यांतले दाट, राठ केस अंगभर उभे राहिलेले. निकस चाऱ्यानें आणि जंतांनीं पोट सुटलेलें. ठेंगण्या घोड्यांच्या बाबतींत डोळा नेहमीं असाच फसतो.

पशुवैद्यांनीं आमचा हात धरून तिच्या केसांखालीं बरगड्यांवर ठेवला. तेथें मांस असें नव्हतेंच. पेटीच्या पट्ट्यांवरून बोटें फिरवावीं तशीं तीं बरगड्यांवरून फिरलीं. मग त्यांनीं माहिती सांगितली ती अशी: टेक्सास येथील डॉन हेनेके यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८३ सालीं घोड्याची अंगलट अजमावण्याची एक रीत ठरवून दिली. मान, मान जेथें पाठीस मिळते तो उंचवटा, खांद्यामागील भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचें मूळ अशा सहा ठिकाणीं हातानें चांचपून एक ते नऊपर्यंत गुण द्यावयाचे. एक म्हणजे केवळ हाडांचा सांपळा, नऊ म्हणजे चरबीचा गोळा, आणि पांच म्हणजे जसें असावें तसें. ठमीस त्यांनीं दोन गुण दिले. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, पण इतक्या थोड्या गुणांचा इतका मोठा अर्थ आमच्या पाहण्यांत आला नव्हता. छातीचा घेर १०८ सेंटिमीटर भरला. त्यावरून आणि अंगाच्या लांबीवरून वजनाचा अंदाज निघाला ११० किलोचा. तिच्या बांध्याच्या घोडीस दीडशेंच्या आसपास असावयास हरकत नव्हती.

एवढें होईपर्यंत मातुःश्रींनीं स्वयंपाकघरांतून आपली सिद्धता केली होती. भिजविलेल्या हरभऱ्यांची पाटी, गुळाचा खडा आणि बाजरीच्या दोन भाकरी घेऊन त्या गोठ्याच्या दारांत आल्या. माहेरीं त्यांच्या लहानपणीं घोडें होतें. दमून आलेल्या घोड्याच्या तोंडास हरभऱ्याचा तोबरा कसा चढवितात, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. पशुवैद्य पाटीच्या आड उभे राहिले. 'आजी, आज हा हरभरा तिच्या पोटांत गेला, तर चार दिवसांनीं तिला पुरावी लागेल,' असें ते सरळ म्हणाले. मातुःश्रींनीं त्यांजकडे अशा दृष्टीनें पाहिलें, कीं त्या दृष्टीस उत्तर देण्यापेक्षां चवताळलेल्या घोड्याजवळ जाणें पुष्कळांनीं पत्करलें असतें.

त्यांनीं ठरविलेला आहार होता तो असा: दर चार तासांनीं सुकविलेला लसूणघास, आणि तोहि एका वेळेस शंभर ते सव्वाशें ग्रॅम. वाचकांनीं वाळलेलें गवत एवढें वजन करून पाहावें. ती एक ओंजळ होते, फार तर दीड. दिवसांतून सहा ओंजळी, जवळ स्वच्छ पाणी आणि चाटावयास मिठाचा खडा. धान्य नाहीं, गूळ नाहीं, कोंडा नाहीं. पहिले तीन दिवस असें. नंतर थोडथोडें वाढवीत दहाव्या दिवसापर्यंत दिवसाला दीड किलोच्या वर जावयाचें, आणि पुढें हळूहळू तिच्या वजनाच्या शेंकडा दोनपर्यंत.

याचें कारण त्यांनीं समजावून दिलें, तें मोठें उद्बोधक आहे. उपाशी देह प्रथम आपल्या अंगची साखर जाळतो, मग चरबी, आणि तीहि सरत आली म्हणजे मांस. या मांसांत हृदयाचेंहि मांस आलें. अशा स्थितींत देहांतील फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम या क्षारांची गंगाजळी आटून गेलेली असते. रक्तांत मात्र ते कसेबसे पुरेसे दिसतात. आतां यावर एकदम धान्याचा पिष्टमय आहार पडला, म्हणजे इन्शुलिनचा लोंढा सुटतो आणि तो साखरेबरोबर हे क्षारहि रक्तांतून पेशींत ओढून नेतो. रक्तांतील त्यांचें प्रमाण कोसळतें. हृदय, श्वास, मूत्रपिंड यांचा मेळ बिघडतो. आणि अन्न मिळाल्यावर तीन-चार दिवसांनीं, सर्वांस आतां जनावर वाचलें असें वाटत असतांना, तें मरतें. उपासानें वांचविलेलें अन्नानें मारलें जातें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय अभ्यासकांनीं उपाशी घोड्यांस निरनिराळे चारे घालून पाहिले, तेव्हां लसूणघास सर्वांत हितकर ठरला. कारण त्यांत पिष्ट थोडें, प्रथिनें पुष्कळ, आणि जे क्षार कमी पडतात तेहि असतात. ठेंगण्या घोड्यांस आणखी एक भय असतें: त्यांस अजिबात उपाशी ठेवलें, तर अंगची चरबी वितळून रक्तांत इतकी उतरते कीं रक्तांतला द्रव दुधासारखा दिसूं लागतो, आणि यकृत निकामी होतें. म्हणजे जास्त दिलें तर एक मरण, न दिलें तर दुसरें. मधल्या ओंजळभर वाटेनें तिला चालवीत न्यावयाचें. ठमीचें रक्त काढून नळींत उभें करून ठेविलें, तेव्हां वरचा द्रव निवळ होता. पशुवैद्यांच्या तोंडावर त्या दिवशीं पहिल्यानें हंसूं दिसलें.

ही गोष्ट घोड्यांपुरतीच आहे असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटीं, १५ एप्रिल १९४५ रोजीं, ब्रिटिश सैन्यानें जर्मनींतील बेर्गेन-बेल्सेन ही छळछावणी मुक्त केली. आंत हजारों माणसें उपासमारीनें हाडांचे सांपळे होऊन पडलीं होतीं. सैनिकांनीं कळवळून आपल्याजवळचें डबाबंद मांस आणि इतर शिधा त्यांस वांटला. तें अन्न न सोसून कित्येक मुक्त माणसें मुक्तीनंतर मेलीं. मग ज्या वस्तूची योजना झाली, तिचें नांव वाचून आम्हीं पुस्तक खालीं ठेविलें होतें: 'बंगाल फॅमिन मिक्श्चर'. दुधाची भुकटी, पीठ, साखर, मीठ व पाणी यांचें हें पातळ मिश्रण १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळांतल्या उपाशी माणसांसाठीं बनविलें होतें. ज्या दुष्काळांत आपल्या देशाचीं लाखों माणसें अन्नावांचून मेलीं, त्यानें जगास एवढी एक विद्या दिली, आणि ती दोन वर्षांनीं युरोपांतल्या भुकेल्यांच्या उशाशीं जाऊन बसली. तेथेंहि ती पुरती लागू पडली नाहीं. पुष्कळांस तें मिश्रण फार गोड लागे व गिळवत नसे. भूक जगभर एकच असली, तरी तिची मात्रा माणसागणिक ठरवावी लागते.

इन्शुलिनची ही सारी मीमांसा मातुःश्रींपुढें मांडून पाहिली. तेथें तिची मात्रा चालली नाहीं. 'तहानलेल्याला चमच्यानें पाणी पाजणारे तुम्ही!' एवढाच तिचा परिणाम झाला. शेवटीं आमच्या सौभाग्यवतींनीं दुसरी वाट धरली. त्यांनीं विचारलें, 'सासूबाई, मोठ्या उपासाचें पारणें आपण पुरणपोळीनें सोडतों का?' मातुःश्री क्षणभर थांबल्या. त्यांच्या वडिलांचा वैद्यकीचा अभ्यास होता. कोठा शुद्ध केलेल्या रोग्यास प्रथम पेया, मग दाट विलेपी, मग मुगाचें कढण, असें पायरीपायरीनें चढवीत जेवणावर आणण्याचा आयुर्वेदांतला क्रम त्यांच्या कानांवरून गेलेला होता. 'म्हणजे हिचें पारणें चाललेंय म्हणा कीं!' असें त्या म्हणाल्या, आणि त्या घटकेपासून ओंजळीचा कारभार त्यांनीं स्वतःकडे घेतला. जें रसायनशास्त्राच्या भाषेंत क्रौर्य वाटत होतें, तेंच घरच्या भाषेंत येतांच शास्त्र झालें. पुढें त्यांच्या तराजूंतून एक काडी अधिक जावयाची नाहीं.

तथापि कळणें आणि सोसणें यांत अंतर आहे. पहाटे दोनच्या ओंजळीची पाळी आमची असे. गोठ्याची कडी वाजतांच ठमी मान वर करी, ओंजळ दोन-तीन मिनिटांत फस्त करी, आणि मग ती आमच्या तळहाताचा वास घेत राही. तो तळहात रिकामा असे. पण चार पावलांवर घासाची पेंढी टांगलेली होती, आणि तिला ती दिसत होती. चौथ्या-पांचव्या दिवशीं अंगांत थोडी धुगधुगी आल्यावर ती हिंसूं लागली. भुकेल्या जनावराची हाक ऐकत, हाताशीं चारा असतां, दिवा मालवून घरांत परत येणें याला जें बळ लागतें, तें आम्हांस कोणत्याहि ग्रंथानें दिलें नव्हतें. देण्यास मन मोठें लागतें हें खरें. परंतु तें दिल्यावर मिळणारा आनंद तत्काळ असतो. न देण्यांत जी माया असते, तिला असा रोकडा मोबदला नाहीं. घेणाऱ्याच्या लेखीं ती निष्ठुरताच असते. आणि खोल पाहिलें, तर पोतें मोकळें करण्याची जी ओढ वाटते, तिच्यांत भुकेल्याच्या दुःखाइतकाच आपल्या अस्वस्थपणाचाहि वांटा असतो. तें दुःख आपल्यास बघवत नाहीं, म्हणून तें लवकर आपल्या डोळ्यांआड व्हावें असें वाटतें.

दहा दिवसांनंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. पहिल्यानें पालट झाला तो कानांत. ते आवाजाच्या दिशेनें वळूं लागले. अंगावर मांस येण्यास पुष्कळ अवकाश लागला. थोडी शक्ति आल्यावर पशुवैद्यांनीं दांत पाहिले. घोड्याचा वरचा जबडा खालच्याहून रुंद असल्यामुळें दाढांच्या कडा झिजून सुरीसारख्या होतात, व गाल आणि जीभ कापतात. ठमी घासाचे अर्धवट चघळलेले गोळे टाकून देई, त्याचें कारण हें. त्या कडा कानशीनें घासून काढल्या. जंतांचें औषध मुद्दामच मागाहून, बेतानें दिलें. नालबंदानें वाढलेले खूर कापले. सौभाग्यवतींनीं खरारा करण्याची कला हस्तगत केली. दर रविवारीं छातीचा घेर मोजून भिंतीवर खडूनें आंकडा लिहावयाचा, हा घरांतला विधि झाला. मार्गशीर्षांत तो आंकडा १२१ वर आला. वजनाचा अंदाज १४० किलो. आणि येथें मापानें पुन्हां डोकें वर काढलें. कारण तट्टांची जात थोडक्यांत निर्वाह करण्यासाठींच घडलेली असल्यामुळें सुखवस्तु घरांत तीं भराभर सुटतात, आणि अति खाण्यानें त्यांच्या खुरांच्या आंतल्या भागास दाह होऊन तीं कायमचीं लंगडीं होतात. जी ओंजळ उपासमारींतून तिला वर काढीत होती, तीच आतां सुबत्तेपासून तिचें रक्षण करूं लागली.

याच सुमारास तिचा मूळ धनी खालीं आला. डोंगरावर प्रवासी पुन्हां दिसूं लागले होते. तो गोठ्यांत शिरला आणि तिच्याकडे नीट न पाहतांच त्यानें सरळ तळहात तिच्या केसांखालीं बरगड्यांवर ठेविला. मग मानेवर, मग कंबरेवर, मग शेपटीच्या मुळाशीं. हेनेके यांचें नांव त्यानें ऐकलेलें असण्याचें कारण नव्हतें. सारी हकीकत ऐकून तो म्हणाला, 'सर, माझ्याकडं पैका असता ना, तर पहिल्याच दिवशीं तोबरा भरून चढवला असता मी.' आणि तो बराच वेळ बोलला नाहीं.

तिला परत न्यावयाची का, हा प्रश्न उरला होता. ठेंगण्या घोड्यानें आपल्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक ओझें वाहूं नये, असा जाणत्यांचा साधारण संकेत आहे. म्हणजे ठमीच्या वांट्यास खोगिरासकट अठ्ठावीस किलो, एखादें लहान मूल. ओझ्याच्या जनावरांसंबंधीं १९६५ सालीं जे सरकारी नियम झाले, त्यांत मात्र तट्टासाठीं सत्तर किलोंची मर्यादा घातलेली आहे. कायदा तट्टांची एकच उंची धरून चालतो. तट्टें तशीं चालत नाहींत. शिवाय माणसें कायदा वाचून घोड्यावर बसत नाहींत. आम्हीं तिचें मोल देऊं केलें. त्यानें थोडा वेळ विचार करून तें घेतलें. त्यानें तें नाकारलें असतें, तर गोष्ट ऐकावयास अधिक सुंदर झाली असती. पण त्याच्या घरींहि त्या वर्षीं चूल सुखानें पेटली नव्हती, आणि घोडीवर दया करतांना माणसास विसरणें हेंहि एक मापांतलें पापच झालें असतें.

आमच्या व्यवसायांतहि या विद्येचा उपयोग आहे. ज्याच्या घरांत पूर्वीं कोणीं पुस्तक उघडलें नाहीं असा एखादा मुलगा महाविद्यालयांत येतो. त्याची जिज्ञासा पाहून उत्साही अध्यापक पहिल्याच आठवड्यांत त्याच्यापुढें चाळीस ग्रंथांची यादी ठेवतात, आणि दिवाळीनंतर तो वर्गांत दिसेनासा होतो. त्याची भूक खोटी नव्हती. ती फार खरी होती, म्हणूनच त्याला ओंजळ हवी होती.

मातुःश्री २०२३ सालीं गेल्या. शेवटले दोन महिने त्यांस अन्न जात नसे. भेटीस येणारे आप्त मायेनें फळें, लाडू, सूप आणीत आणि 'दोन घांस तरी खा,' म्हणून गळ घालीत. त्या त्यांस हातानें थांबवीत आणि सुनेस म्हणत, 'ठमीएवढंच दे ग.' त्या शब्दांत मागणें होतें, विनोद होता, आणि आम्हां सर्वांस दिलेली एक सूचनाहि होती. चमच्या-चमच्यानें पेज देतांना घाई न करण्याची संवय आमच्या घराला तोंवर झालेली होती, एवढें समाधान आम्हांस आहे.

मोजणारे दोघेहि असतात, कृपण आणि वैद्य. कृपणाची नजर मापावर असते, ती आपल्यापाशीं काय उरेल हें पाहण्यासाठीं. वैद्याची असते, ती समोरच्यास काय सोसेल हें पाहण्यासाठीं. वरून दोघांचे हात सारखेच दिसतात, म्हणून आपण दुसऱ्यास पहिल्याचें नांव ठेवतों. उंबरठ्यावरचें माप सून लवंडते हें खरें; पण लवंडण्यासाठीं तें आधीं कोणीतरी काळजीनें मोजून भरलेलें असतें, हें मात्र त्या गडबडींत कोणाच्या लक्षांत येत नाहीं.